आधी काय, मग काय

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' लिहायचं, पुढे हव्या त्या सेवेचं, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामचं, नाव टाकायचं आणि एंटर दाबायचं. ओळ एकच, पण त्या एका ओळीमागे केवढा विचार धावतो!

वरंध गावातल्या भातशेतकऱ्याला तो विचार ओळखीचा वाटेल. लावणी करायची तर चिखलणी झालेली हवी, रोप हवं, रोपासाठी राब भाजलेला हवा. शेवटच्या कामापासून तो मनात मागं मागं जातो आणि सुरुवात कुठून करायची ते ठरवतो. शिवाय रोप वाढत असतानाच नांगर धरतो, कारण ही दोन कामं एकमेकांवर अडलेली नाहीत.

'सिस्टमडी' हा प्रोग्राम नेमका असाच चालतो. लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी तो २०१० मध्ये पुढे आणला. बहुतेक लिनक्स संगणकांवर आज कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, इतर सगळ्यांच्या आधी त्यालाच उठवतो, म्हणून त्याचा प्रोसेस क्रमांक १.

प्रत्येक सेवेची एक छोटीशी फाइल असते. तिच्यात 'रिक्वायर्स' लिहिलं की कळतं, हिला कोण लागतं. 'आफ्टर' लिहिलं की कळतं, ही कोणाच्या नंतर. दोन्ही एकच वाटतात ना? सिस्टमडीच्या लेखी ती पूर्ण वेगळी आहेत. नुसतं 'रिक्वायर्स' असेल तर दोन्ही सेवा एकदमच सुटतात. नुसतं 'आफ्टर' असेल तर दुसरीही सुरू होत असल्यास तिची वाट पाहिली जाते, पण तिला कोणी बोलावत नाही. 'वाँट्स' मात्र बोलावतं, आणि ती उठली नाही तरी काम अडू देत नाही.

या फरकाचं एक उदाहरण पाहा. वरंध घाट चढून भोरमार्गे पुण्यात गेलं की आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' हा महासंगणक आहे. सुरुवातीला त्याची कमाल क्षमता ७९७ टेराफ्लॉप होती, म्हणजे सेकंदाला ७९७ लाख कोटी आकडेमोडी. त्यावर कोणाचं काम कधी चालवायचं हे 'स्लर्म' हा प्रोग्राम ठरवतो. कोण खरा, कोण तोतया हे ओळखायला स्लर्म सहसा 'मंज' या सेवेवर विसंबतो. तरी स्लर्मसोबत येणाऱ्या फाइलीत मंजचं नाव 'आफ्टर'पुढे असतं, 'रिक्वायर्स'पुढे नाही. म्हणून अशा महासंगणकाची देखभाल करणाऱ्याला मंज आठवणीनं वेगळी सुरू ठेवावी लागते.

आणि दोन सेवा 'आधी तू' म्हणत एकमेकींसाठी थांबल्या तर? सिस्टमडी तो फेरा ओळखतो, शक्य असेल तर कमी गरजेचं एक काम गाळून तो तोडतो आणि तशी नोंद ठेवतो.

'सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेन्डन्सीज' लिहून पाहा. फांद्यांवर फांद्या फुटलेलं अख्खं झाड पडद्यावर उलगडेल. गरज आणि क्रम वेगळे मांडल्यामुळेच हे साधतं: जिथे थांबणं खरंच भाग आहे तिथेच थांबायचं आणि बाकी सगळ्यांनी एकाच वेळी कामाला लागायचं.