उलट्या घड्याळावर बांधलेली रेल्वे

कोकण रेल्वेचे बांधकाम सुरू होते त्या वर्षांत महामंडळाच्या कार्यालयांत एक उलटे घड्याळ लावलेले असे. काम संपण्याची तारीख किती दिवसांवर आली आहे, एवढेच ते दाखवी. रोज सकाळी आकडा एकाने कमी होई. साहेब असो की शिपाई, कचेरीत शिरणाऱ्या प्रत्येकाला तो दिसे. पुढे दिल्ली मेट्रोच्या प्रत्येक कामावर असे फलक लागले आणि ती पद्धत देशभर गाजली. तिचा खरा कस मात्र त्याआधी सह्याद्रीच्या पायथ्याशी लागला होता.

संस्थेने कामाचे उद्दिष्ट कसे ठरवावे आणि ते गाठणाऱ्या माणसांची आठवण कशी ठेवावी, याचे कोकण रेल्वेइतके भरीव उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही, असे माझे मत आहे. त्यात यश आहे, हुकलेली मुदत आहे आणि गेलेले जीवही आहेत. म्हणूनच ते नीट समजून घ्यायला हवे.

कोकणात रेल्वे यावी ही मागणी जुनी. अ. बा. वालावलकर यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले, बॅरिस्टर नाथ पै संसदेत तिच्यासाठी बोलत राहिले, मधु दंडवते यांनी तोच पाठपुरावा पुढे चालवला. तरी १९८६ मध्ये रूळ रोह्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. रेल्वेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून वर्षाला थोडे थोडे पैसे मिळाले असते, तर पुढची वाट संपायला कित्येक दशके लागली असती. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना त्यावर तोड निघाली. या एका मार्गासाठी स्वतंत्र कंपनी काढायची आणि तिने बाजारातून कर्ज उभारायचे, असे ठरले. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, तर गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. निवृत्तीच्या वयाला पोहोचलेले रेल्वे अभियंते ई. श्रीधरन अध्यक्ष झाले आणि १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली.

उलट्या घड्याळाचे मूळ या कर्जात आहे. सरकारी अनुदानावर चालणारे काम लांबले तर कुरकुर होते, फार तर विधिमंडळात प्रश्न विचारला जातो. इथे रोख्यांवरचे व्याज रोज चढत होते, आणि गाडी धावेपर्यंत उत्पन्न शून्य. दिवस वाया जाणे म्हणजे पैसे जाणे, हे गणित हिशेबनिसाला कळत होते. बोगद्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या तरुण अभियंत्यालाही ते कळायला हवे होते. घड्याळाने ते काम केले.

पुढे काय वाढून ठेवले होते ते आकड्यांतून दिसते. रोहा ते मंगळुरूजवळचे ठोकूर हे अंतर सुमारे ७४० किलोमीटर. वाटेत ९१ बोगदे, त्यांची एकूण लांबी ८० किलोमीटरहून जास्त. लहानमोठे पूल १,८०० च्या वर. जमीन ४२,००० हून अधिक मालकांकडून घ्यायची होती. कोणाची भातखाचरे, कोणाची आंब्या-फणसाची बाग, कोणाचे राहते घर. मार्गही गाडी ताशी १६० किलोमीटर वेगाने जाऊ शकेल असा आखायचा होता. त्यामुळे डोंगराला वळसा घालून सुटका नव्हती. वळणे सौम्य हवीत, म्हणजे डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की पूल.

एवढे मोठे उद्दिष्ट एका माणसाच्या टेबलावर ठेवले असते तर ते तिथेच पडून राहिले असते. श्रीधरन यांनी मार्गाचे सात भाग केले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक भाग साधारण शंभर किलोमीटरचा, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. निविदा, जमीन, कंत्राटदारांची देणी असे बहुतेक निर्णय त्याने जागेवरच घ्यायचे. फाईल बेलापूरच्या मुख्यालयाला पाठवून महिनोन्महिने वाट पाहायची नाही. मला हा निर्णय घड्याळापेक्षाही मोलाचा वाटतो. आपल्याकडे मुदती ठरवणारे पुष्कळ असतात, पण मुदतीबरोबर अधिकारही देणारे थोडे. ज्याला विटेच्या खरेदीसाठी वरच्याची सही लागते, त्याच्या भिंतीवर दिवस मोजणारा फलक लावणे म्हणजे त्याचा छळ आहे.

श्रीधरन यांची ही पद्धत एकाएकी जन्मली नव्हती. डिसेंबर १९६४ मध्ये चक्रीवादळाने रामेश्वरला जोडणारा पांबनचा रेल्वेपूल मोडून टाकला, बहुतेक गर्डर समुद्रात गेले. दुरुस्तीला रेल्वेने सहा महिने दिले, वरिष्ठांनी त्याचे तीन केले. तिशीतल्या श्रीधरन यांनी समुद्रात पडलेले गर्डर वर काढून पुन्हा बसवले आणि ४६ दिवसांत पूल उभा केला. त्याबद्दल त्यांना रेल्वेमंत्र्यांचे पारितोषिक मिळाले. मुदत कमी करण्याचे धाडस आणि काम फत्ते झाल्यावर मिळालेली शाबासकी, दोन्हींचा अनुभव त्यांनी तरुण वयातच घेतला होता.

आता कामाकडे येऊ. रत्नागिरीच्या दक्षिणेला पानवल गावाजवळ नदीची दरी खोल आहे. तिच्यावरचा पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच, म्हणजे वीस मजली इमारतीच्या उंचीचा. इतक्या खोल दरीत खालून टेकू उभे करून वर काँक्रीट ओतणे अवघड होते. म्हणून वेगळीच रीत वापरली. दरीच्या एका काठावर पुलाच्या पृष्ठभागाचा एक तुकडा ओतायचा. काँक्रीट पुरेसे पक्के झाले की हायड्रॉलिक जॅकने तो खांबांवरून दरीच्या दिशेने ढकलायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचा तुकडा ओतून आधीच्याला जोडायचा. सगळ्यात पुढे पोलादी नाक बसवलेले असते. पुलाचे टोक अधांतरी असताना ते पुढच्या खांबाला आधी टेकते आणि भार वाटून घेते. तुकड्यामागून तुकडा असा अख्खा पूल काठावरूनच पलीकडे सरकत गेला. भारतात ही पद्धत इथे पहिल्यांदा यशस्वी झाली. गाडीतून जाणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. खिडकीतून खाली पाहिले की नारळाच्या झाडांचे शेंडे तेवढे दिसतात.

बोगद्यांची कथा आणखी कठीण. रत्नागिरीच्या उत्तरेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. २०१३ मध्ये काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा खुला होईपर्यंत देशातला सर्वांत लांब रेल्वे-बोगदा तोच होता. नातूवाडीचा ४.४ किलोमीटरचा, टिके आणि बेर्डेवाडीचे प्रत्येकी सुमारे चार. महाराष्ट्रातला हा खडक बहुतेक काळा बेसॉल्ट. तो फोडायला स्वीडनहून हायड्रॉलिक ड्रिलिंग यंत्रे आणली. खडक कठीण असला तरी त्याचा स्वभाव ठाऊक असतो. भोके पाडा, सुरुंग लावा, राडारोडा काढा, पुढे सरका. रोज किती मीटर गेलो ते मोजता येते, आणि जे मोजता येते त्याचे उद्दिष्ट ठरवता येते.

गोव्यातल्या पेडण्याने हे गणित मोडले. तिथला बोगदा दीड किलोमीटरच्या थोडा वरच, म्हणजे करबुड्याच्या चौथाईएवढा. पण आत खडकाऐवजी पाण्याने भिजलेली मऊ माती होती. खणावे तेवढी वरून कोसळे. पावसाळ्यात डोंगराने प्यायलेले पाणी आत उतरे आणि महिन्यांची मेहनत एका दिवसात मातीखाली जाई. यंत्रे इथे उपयोगी नव्हती. इंचाइंचाने पुढे जायचे, लगेच आधार द्यायचा, मग पुढचा इंच. माणसे दगावली. गोव्यातच मार्गाच्या आखणीवरून मोठे आंदोलन झाले, चौकशी आयोग नेमला गेला, काम थांबले आणि त्यातही काळ गेला.

पाच वर्षांत पुरी करायची रेल्वे साडेसात वर्षांनी पुरी झाली. मुदत हुकली, हे सरळ म्हणावे. त्याने उलट्या घड्याळाची किंमत कमी होत नाही. सगळा मार्ग एकदम खुला करायचा म्हणून कोणी थांबले नव्हते. मार्च १९९३ मध्ये मंगळुरूच्या बाजूने उडुपीपर्यंत गाडी सुरू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये रोह्याहून वीरपर्यंत. १९९५ मध्ये खेड, १९९६ च्या अखेरीस सावंतवाडी. दोन्ही टोकांकडून रेल्वे गावागावांत पोहोचत होती. ज्यांनी माती वाहिली त्यांनी आपापल्या तुकड्यावरून धावणारी पहिली गाडी डोळ्यांनी पाहिली. वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामात माणसाचा उत्साह टिकतो तो अशा मधल्या मुक्कामांमुळे. श्रीधरन १९९७ च्या अखेरीस दिल्ली मेट्रोकडे गेले. २६ जानेवारी १९९८ रोजी सगळा मार्ग खुला झाला आणि १ मेला पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी तो राष्ट्राला अर्पण केला.

या कामात ७४ माणसे गेली. बोगद्यांतले मजूर, सुरुंगवाले, यंत्रचालक. त्यांतले कित्येक दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले. त्यांच्यासाठी रत्नागिरी स्थानकाजवळ श्रमशक्ती स्मारक उभारले आहे. कंपनीचा वर्धापनदिन १५ ऑक्टोबरला असतो, आणि त्या निमित्ताने अधिकारी रत्नागिरीला येऊन या स्मारकाला पुष्पचक्र वाहतात. मग कर्मचाऱ्यांचे सत्कार होतात. आधी गेलेल्यांची आठवण, नंतर असलेल्यांचे कौतुक, हा क्रम मला फार योग्य वाटतो. आपल्या देशात धरणांवर, पुलांवर उद्घाटन करणाऱ्याचे नाव संगमरवरात कोरलेले असते. पाया खणताना गेलेल्यांची नोंदही अनेक ठिकाणी सापडत नाही.

रेल्वे सुरू झाल्यावर उद्दिष्ट बदलायला हवे होते. ते बदलायला दोन अपघात लागले. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेत, दरड कोसळून कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावर आलेल्या दगडांवर आदळली, पुन्हा जीव गेले. दिवस वाचवण्याच्या घाईत उभे कापलेले डोंगर आता हिशेब मागत होते.

कंपनीने पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक आणले, गाड्यांचा वेग उतरवला. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर चालकाने ताशी ४० किलोमीटरवर यायचे. कटिंगचे उतार कमी केले, त्यांवर पोलादी जाळ्या ताणल्या, माती धरून ठेवणारी झाडे लावली. पानवल, मांडवी, जुवारी आणि शरावती या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे बसली. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी नद्यांवर पुराचा इशारा देणारी यंत्रणा आली. ज्या संस्थेने दिवस वाचवायला शिकवले, तिनेच मिनिटे मुद्दाम खर्च करायला शिकवले. मुंबईहून जाणारा चाकरमानी पावसाळ्यात गाडी उशिरा पोहोचते म्हणून वैतागतो. त्याने हा इतिहास ठाऊक करून घ्यावा.

यंत्रे आली तरी खरी भिस्त गस्त घालणाऱ्या माणसांवर आहे. दर पावसाळ्यात सहाशेहून अधिक कर्मचारी रुळांवरून चालत असतात. धोक्याच्या कटिंगवर तर चोवीस तास पहारा असतो. हातात कंदील, लाल झेंडा, वॉकी-टॉकी आणि पिशवीत डिटोनेटर, म्हणजे रुळावर लावायचे फटाके. दरड दिसली की गाडी येण्याच्या दिशेने धावायचे, ६०० मीटरवर एक फटाका लावायचा, आणखी पुढे १,२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. इंजिनाच्या चाकाखाली ते फुटले की चालक गाडी थांबवतो. रात्री दोन वाजता, कोसळणाऱ्या पावसात, दगड गडगडत असताना हे करायचे असते. या माणसांतले अनेकजण रेल्वेला जमीन दिलेल्या घरांतले आहेत, कारण प्रकल्पग्रस्तांना भरतीत प्राधान्य आहे. वेळेवर दरड पाहून गाडी वाचवणाऱ्या ट्रॅकमनला रोख बक्षीस आणि प्रशस्तिपत्र दिले जाते, वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी येते. एका गाडीत हजारभर माणसे असतात. बक्षिसाची रक्कम वाढवावी असे मला मनापासून वाटते, पण ते नाव घेऊन, सगळ्यांसमोर दिले जाते, हे रकमेपेक्षा महत्त्वाचे आहे.

आता ही कंपनी भारतीय रेल्वेत विलीन करण्याचे ठरते आहे आणि महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये त्याला संमती दिली आहे. दुहेरीकरणाला आणि नव्या स्थानकांना लागणारा पैसा स्वतंत्र कंपनीला उभा करणे जड जात होते, हे खरे. पैसा येईल, मार्गही रुंदावेल. विलीनीकरणाचा करार लिहिणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. कोकण रेल्वे हे नाव मार्गावर राहू द्यावे, पावसाळी गस्तीची माणसे कमी करू नयेत, आणि ऑक्टोबरमध्ये रत्नागिरीच्या स्मारकावर फूल वाहण्याची प्रथा नव्या व्यवस्थेच्या नियमांत लेखी घालावी.