महेश्वरच्या घाटावर रॉक कॉन्सर्ट?

मागच्या मे महिन्यात घरच्या मुंजीला पुण्याहून मावसभाऊ आला. पुण्याच्या पाहुण्याला सराफा आणि छप्पन दुकान दाखवून झालं की महेश्वर ओघानंच येतं. दोन गाड्या भरून आम्ही दहा-बारा भावंडं निघालो. नव्वदेक किलोमीटर, पोहोचेपर्यंत अंधार. घाटाचे दगड दिवसभर तापून अजून गरमच होते. बसलं की दचकून उठायचं आणि मग हळूच परत टेकायचं.

भावानं गिटार आणली होती. सुरुवात अर्थातच 'स्मोक ऑन द वॉटर'च्या धुनेनं केली. हातात गिटार आलेला प्रत्येक मुलगा पहिली हीच धून वाजवतो. (तीही पाण्याकाठचीच बरं का! डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रोत कार्यक्रम चालू असताना कॅसिनोला आग लागली, जिनिव्हा सरोवरावर धूर पसरला, आणि ते पाहणाऱ्या डीप पर्पलनं गाणं केलं.) आजूबाजूचं कुणी ढिम्म हललं नाही. मग त्यानं 'मा रेवा' घेतलं. तिसऱ्या ओळीला दोन परिक्रमावासी बायका टाळीवर ठेका धरू लागल्या. नाववाले आले, चहावाला आला. बघता बघता तीस-चाळीस माणसं जमली. गाणं संपल्यावर एक नाववाला म्हणाला, "भिया, वो मैया वाला एक बार और."

परतताना धामनोद यायच्या आत भावाचा बेत तयार होता. "दादा, इथे खरी कॉन्सर्ट करू या. नदीत तराफ्यावर स्टेज, लोक पायऱ्यांवर. उन्हाळ्याची रात्र, पौर्णिमा. तुमचं युवा मंडळ आहेच की!" खोटं कशाला बोलू, मीही उडालो. इंदूरहून हजार-दोन हजार पोरं सहज येतील, असा हिशोब गाडीतच झाला.

घरी मात्र दोन तट पडले. आत्यानं ऐकताक्षणी कपाळाला हात लावला. "अहिल्यादेवींच्या घाटावर ढणढण वाजवणार? तिथे लोक स्नानाला येतात!" तिला मी फोनवर 'इंडियन ओशन'चं 'मा रेवा' ऐकवलं. हा दिल्लीचा बँड. गाणं २००० सालच्या 'कंदिसा' अल्बममधलं, पण मूळचं नर्मदेच्या खोऱ्यातलं लोकगीत. बँडचा बास वाजवणारा राहुल राम हा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा पीएच.डी. तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होता. म्हणजे देशातल्या बड्या रॉक बँडच्या गाजलेल्या गाण्यांपैकी एक आपल्याच नदीकाठून उचललेलं आहे. आत्यानं डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "अरे, हे तर भजन आहे. याला रॉक का म्हणता?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण 'घाटावर रॉक म्हणजे विटाळ' हा मुद्दा तिथेच निकालात निघाला असं मी धरतो.

खरी अडचण दुसऱ्या बाजूनं आली, आणि ती मीच आणली. माझी नोकरीच अशी आहे की कुणी नवी वेबसाइट दाखवली की मी विचारायचं, "एकदम दोन लाख लोक आले तर?" ग्रुपवर पोस्टर फिरत असताना मी व्हेनिसचा किस्सा टाकला, आणि भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पिंक फ्लॉइड म्हणजे रॉकमधला मोठा बँड, आणि पाण्याकाठचं गाव म्हणजे व्हेनिस. १५ जुलै १९८९, तिथल्या रेदेंतोरे सणाची रात्र. हा सण सोळाव्या शतकातली प्लेगची साथ हटल्याच्या आठवणीचा. सेंट मार्क चौकासमोर पाण्यात तरंगतं स्टेज उभारलं होतं, अगदी आमच्या भावाच्या डोक्यातल्यासारखं. आवाजाच्या हादऱ्यानं जुन्या इमारतींना आणि सेंट मार्कच्या मोझेइकला धक्का बसेल म्हणून तिथल्या वारसा-अधिकाऱ्यांनी आधी नकार दिला. मग तडजोड झाली: आवाज १०० डेसिबलवरून ६० वर आणायचा आणि स्टेज काठापासून लांब ठेवायचं. डेसिबलचा हिशोब सरळ वजाबाकीचा नसतो. दर १० डेसिबलला ध्वनीची शक्ती दहापट बदलते. म्हणजे ४० डेसिबल कमी म्हणजे दहा हजारपट कमी! टीव्हीवर थेट प्रक्षेपण असल्यानं दीड तासात आटपायचं होतं, म्हणून गाणीही छाटली.

आवाजाचा एवढा खल झाला. पण जमली सुमारे दोन लाख माणसं, जुन्या शहराच्या वस्तीच्या दुपटीहून अधिक, आणि त्यांच्यासाठी शौचालयांची सोयच केलेली नव्हती. पुढचं वर्णन मी करत नाही, तुम्ही करा. सकाळी चौकात सुमारे तीनशे टन कचरा होता. सफाईला सैन्य बोलवावं लागलं. लोक इतके भडकले की महापौर आणि नगरपालिकेच्या कारभाऱ्यांना राजीनामा द्यावा लागला. त्या रात्रीचं चित्रीकरण पाहा, पाण्यावरचे दिवे आणि होड्या बघून जीव जातो. कॅमेरा चौकाच्या कोपऱ्यात गेला नाही एवढंच.

यावर ग्रुपवर उत्तर आलं, "आपण इंदूरचे आहोत. गेर संपली की पाठोपाठ झाडूवाल्या गाड्या येतात." खरं आहे. २०१७ पासून आपण स्वच्छतेत पहिले, आणि रंगपंचमीनंतरचा राजवाडा कसा धुतला जातो ते मी पाहिलंय. पण ती महानगरपालिका आपली, महेश्वरची नव्हे. ते पंचवीसेक हजार वस्तीचं गाव. आपण तिथे दोन हजार पोरं उतरवायची आणि सकाळी गावानं झाडू मारायचा? शिवाय रस्ता पाणी मारून धुता येतो, पायऱ्यांवरून वाहून गेलेलं सगळं नदीत जातं. १९७८ पासून आपल्या नळाला येतं ते पाणी याच नदीचं. ते जिथून उचलतात ते जलूद महेश्वरपासून फार लांब नाही.

आणि त्या घाटाला सवय नाही असंही नाही. तिथे सिनेमे होतच असतात. २०१९च्या एप्रिलमध्ये 'दबंग ३'च्या चित्रीकरणात शिवलिंगावर लाकडी फळ्या टाकल्या म्हणून केवढा गदारोळ झाला! त्यांचं म्हणणं, रक्षणासाठीच झाकलं. असेलही. पण तिथे जागोजागी काही ना काही पूजेतलं आहे, स्पीकरचा खांब रोवायला मोकळी जागा शोधून दाखवा. दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकरला कायद्यानं बंदी आहेच. सणासुदीला राज्य सरकार बारापर्यंत सूट देतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस.

तर मी बेत मोडला का? नाही. मला ती रात्र परत हवी आहे, खूप हवी आहे. म्हणून मी उलटा प्रस्ताव दिला. दीडशे माणसं, नावं आधी नोंदवून. तराफा नाही, स्टेज नाही. बॅटरीवर चालणारा एक लहान अँप, तोंड नदीकडे नाही तर पायऱ्यांकडे. साडेनऊला शेवटचं गाणं. नाववाले आणि परिक्रमावासी आपले पाहुणे, त्यांना नोंदणी नाही. कचरा पिशवीत भरून आपल्याच बसमधून इंदूरला. नगर परिषदेची लेखी परवानगी आधी, पोस्टर नंतर.

भावानं पुण्याहून लिहिलं, "दादा, याला कॉन्सर्ट नाही, सहल म्हणतात." तासाभरानं दुसरा मेसेज: "अँप मी आणतो."

आत्यानंही नाव नोंदवलंय, पण तिची अट आहे की 'ते भजन' दोनदा व्हायला हवं. पोस्टर आतापर्यंत तीनदा बदलून झालं. दीडशे माणसांना निदान चार फिरती शौचालयं लागतील असं मी ग्रुपवर लिहिलं, त्याला आठ दिवस झाले. ती कोण आणणार याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.