दोऱ्याचा ताण

निवासी शाळेतील मुलांचे गणवेश दर जून महिन्यात घरच्या मशीनवर पुन्हा शिवले जातात. माहूर परिसरातील पालकांना हे काम नवे नाही. पण टाका बिघडला की दोष बहुधा चुकीच्या जागी शोधला जातो.

अमेरिकेत इलियास हाऊ यांना १८४६ मध्ये ज्या यंत्राचे पेटंट मिळाले, त्याचाच दुहेरी टाका आपली मशीन घालते. सुईतला दोरा वरून येतो, बॉबिनमधला खालून. त्यांची गुंतवण कापडाच्या मध्यभागी पडली पाहिजे. ज्या दोऱ्याला ताण अधिक, त्याच्याकडे ती ओढली जाते. म्हणून कापडाखाली वेटोळे जमले, तर दोष बॉबिनचा नव्हे, वरच्या सैल दोऱ्याचा असतो. इथेच बहुतेकांची फसगत होते.

अशा वेळी आधी फूट वर उचलून दोरा नव्याने ओवावा. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यात नीट बसतच नाही. तरीही वेटोळे राहिले, तर वरचे टेन्शन थोडे थोडे उजवीकडे फिरवावे. खालचा दोरा वर डोकावू लागला, तर डावीकडे. प्रत्येक वेळी त्याच कापडाच्या तुकड्यावर टाका पाहावा. टेरिकॉटला जमलेला ताण जाड खाकीला जमेलच असे नाही.

बॉबिन केसचा इवलासा स्क्रू शक्यतो फिरवू नये. दोऱ्याने लोंबकळत धरलेली केस आपोआप घसरू नये, हलक्या हिसक्याने किंचित उतरावी. तसे होत असेल तर खालचा ताण ठीक आहे. माझ्या आईने तो स्क्रू एकदा पार सोडला आणि तो सारवलेल्या जमिनीवर कुठे हरवला, ते कळलेच नाही. त्या वर्षी माझा सदरा हातानेच शिवला गेला.