मालवाहू पिकअप गाडी : इंजिनाची शक्ती व बांधणी यांची पारख

कोल्हापूर ते मिरज हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. त्याच मार्गालगत राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने जयसिंगपूर ही बाजारपेठ वसविली. कृष्णा व पंचगंगा यांच्या काठचा शिरोळ तालुका या पेठेच्या भोवती पसरला आहे. येथील ऊस ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक व बैलगाडी यांनी कारखान्यास जातो. परंतु नांदणी व आसपासच्या गावांचा भाजीपाला नाशवंत असल्याने तो रातोरात दूरच्या बाजारी पोहोचवावा लागतो. हे काम आता बहुतांशी लहान मालवाहू गाडी, म्हणजेच पिकअप, करीत असते.

अशी गाडी बहुधा कर्ज काढून घेतली जाते. गाडी निवडताना चूक झाली, तर तिचे हप्ते पिकाच्या उत्पन्नातून फेडण्याची पाळी येते. यास्तव गाडीची शक्ती व बांधणी कशी पारखावी आणि ती घेतलेल्या मालकांच्या मतास किती वजन द्यावे, याचा विचार येथे केला आहे.

मालकाचे समाधान कशावर मोजावे

"गाडी कशी आहे?" असा प्रश्न केल्यास नव्या गाडीचा मालक सहसा इंजिनाची स्तुती करतो. तीन-चार वर्षांनी तोच मालक पाटे, टायर, क्लच व हौदा यांविषयी बोलू लागतो. दोन्ही वेळी तो खरेच सांगत असतो. इंजिनाचा जोर पहिल्या दिवशी कळतो, बांधणीचा कस मात्र काळाने लागतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मालकास पुढील प्रश्न विचारावेत : दर खेपेस किती वजन भरता? रस्ता कोणता, घाट कोणता? आजवर किती किलोमीटर चालली? कोणता भाग कितव्या किलोमीटरला बदलला? दुरुस्तीसाठी गाडी वर्षात किती दिवस उभी राहिली? या उत्तरांवाचून केलेली स्तुती वा निंदा दुसऱ्या शेतकऱ्याच्या उपयोगाची नाही. मध्यम काळ्या जमिनीत आलेला उतारा खारवट जमिनीस लागू पडत नाही, तसेच हेही आहे.

अश्वशक्ती आणि टॉर्क

७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलणे म्हणजे एक अश्वशक्तीचे काम होय. चांगल्या बैलजोडीकडून सतत कामात साधारणतः एवढीच शक्ती मिळते. २००५ साली टाटा कंपनीने आणलेल्या, लोकांनी 'छोटा हत्ती' म्हणून ओळखलेल्या एस या गाडीचे दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन १६ अश्वशक्तीचे होते आणि तिची वहनक्षमता सुमारे पाऊण टन होती. महिंद्राच्या बोलेरो पिकअपच्या वर्गातील अडीच लिटरच्या डिझेल इंजिनांची शक्ती ७०-७५ अश्वशक्तीच्या आसपास असते व टॉर्क सुमारे २०० न्यूटन-मीटर असतो.

टॉर्क म्हणजे फिरविण्याचा जोर. एक मीटर लांब दांड्याच्या टोकास सुमारे २० किलो वजन टांगल्यास दांडा ज्या जोराने फिरू पाहतो, तो २०० न्यूटन-मीटर होय. जोर आणि फेऱ्यांचा वेग मिळून अश्वशक्ती बनते. २०० न्यूटन-मीटरचा जोर मिनिटास १,४०० फेऱ्यांवर मिळत असेल, तर त्या वेळी इंजिन सुमारे ४० अश्वशक्ती देत असते. जाहिरातीत छापलेली मोठी अश्वशक्ती मात्र ३,००० वा त्याहून अधिक फेऱ्यांवर मिळते. तेथे इंजिन ओरडते व डिझेलही अधिक खाते. नदीकाठच्या मळीच्या ओल्या वाटेवरून भरलेली गाडी बाहेर काढावयाची असते, तेव्हा कमी फेऱ्यांवरचा जोरच उपयोगी पडतो. म्हणून केवळ अश्वशक्तीचा आकडा न विचारता 'सर्वाधिक टॉर्क किती फेऱ्यांपासून मिळतो' असे विचारावे. आकडा जितका खाली, तितके शेतीच्या कामास इंजिन अनुकूल समजावे.

चढाचा हिशेब

समजा, चालक व इंधन धरून रिकाम्या गाडीचे वजन १,७०० किलो आहे आणि माल १,३०० किलो आहे. एकूण वजन ३ टन झाले. क्रेटसह भरती २५ किलो धरल्यास हा माल म्हणजे टोमॅटोचे ५२ क्रेट होत. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाण्यास अशा गाडीच्या चाकांस सुमारे २० अश्वशक्ती पुरते. पंधरा मीटर अंतरात एक मीटर चढ असलेल्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरने चढण्यास, गिअर व आस यांतील घट धरून, इंजिनाकडून सुमारे ३२ अश्वशक्ती लागते. ताशी ४० किलोमीटरने चढावयाचे असल्यास सुमारे ४३ लागते.

यावरून दिसून येईल की, नेमून दिलेल्या वजनासाठी आजच्या पिकअपची शक्ती कमी पडत नाही. आता त्याच गाडीत एक टन माल अधिक भरला, तर ४३ अश्वशक्तीत ती त्या चढावर ताशी ३० किलोमीटरच चालेल. जी गाडी 'चढत नाही' अशी तक्रार येते, तिची शक्ती कमी आहे की भार अधिक आहे, हे वजनकाट्याच्या पावतीवरून प्रथम ठरवावे.

भरलेली गाडी घाट उतरते

आपला प्रदेश सह्याद्रीच्या पूर्वेस, उंचावर आहे. येथून माल गोव्यास वा तळकोकणात नेताना आंबोलीसारखा घाट उतरावा लागतो, मुंबईस नेताना बोरघाट उतरावा लागतो. म्हणजे माल भरलेली गाडी मुख्य घाट उतरते आणि बहुधा रिकामी वर येते. कोकणातून परतीचा माल आणणाऱ्यास भरल्या गाडीने घाट चढावा लागेल, त्याने शक्तीचा विचार अधिक करावा. इतरांनी इंजिनाच्या शक्तीइतकीच, किंबहुना अधिक, काळजी ब्रेकची केली पाहिजे.

तीन टनांची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली येते, तेव्हा सुमारे ४ युनिट विजेइतकी ऊर्जा तिला रोखताना जिरवावी लागते. चार टन भरल्यास ती साडेपाच युनिटांच्या जवळ जाते. तिचा मोठा भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरतो. ब्रेक तापले म्हणजे त्यांची पकड ढिली होते, आणि पहिली तीन वळणे नीट घेणारी गाडी दहाव्या वळणावर दाद देत नाही. म्हणून घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. इंजिन बंद करून वा गिअर काढून उतरू नये. डिझेलची थोडी बचत करण्यासाठी असे करणारा चालक आपला व रस्त्यावरील इतरांचा जीव धोक्यात घालतो. इंजिन बंद पडताच स्टेअरिंग व ब्रेक यांस मिळणारी यांत्रिक मदतही थांबते.

बांधणीत काय पाहावे

पिकअपचा कणा म्हणजे तिची शिडीच्या आकाराची चासी. दोन लांब पोलादी तुळया व त्यांना जोडणारे आडवे पट्टे यांवर इंजिन, केबिन व हौदा बसविलेले असतात. मागील भार कमानपाट्यांवर व आसावर येतो. गाडी पाहताना पत्र्याचा रंग व केबिनची सजावट यांपेक्षा पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. चासीचे सांधे व पाट्यांच्या बैठका यांवर भेगा वा पुन्हा केलेले वेल्डिंग आहे काय, हे गाडीखाली शिरून पाहावे.

२. हौद्याचा तळपत्रा, फाळक्याचे बिजागर व कड्या मजबूत असाव्यात. फाळका सैल असल्यास माल हलतो व सांधे उकलतात.

३. पाट्यांची संख्या वाढवून घेतलेली गाडी भारी समजू नये. पाटे वाढविल्याने चासी, आस, टायर व ब्रेक यांची क्षमता वाढत नाही. भार पाट्यांवरून निघून चासीवर जातो, इतकेच.

४. टायरमधील हवा कंपनीने भारानुसार दिलेल्या प्रमाणात ठेवावी.

पोलाद एकाच मोठ्या ओझ्याने मोडत नसले, तरी वारंवार पडणाऱ्या ताणाने थकते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आगगाड्यांचे आस का मोडतात, याचा शोध ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने घेतला. ताण थोडा वाढला तरी पोलादाचे आयुष्य त्याच्या कितीतरी पटीने घटते, असे त्याच्या प्रयोगांवरून दिसून आले. 'आजवर जादा माल भरूनही गाडीस काही झाले नाही' असे म्हणणाऱ्यास हेच सांगितले पाहिजे की, भेग दिसण्यापूर्वी बराच काळ ती आत वाढत असते.

रासायनिक खते वाहिल्यानंतर हौदा स्वच्छ पाण्याने धुवावा. खताचे क्षार ओलाव्यात मिसळून पत्रा खातात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकानंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत धुराड्याच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी असते. गाडी केवळ शेत ते गाव अशी थोड्या अंतरावर हळू चालविल्यास ती तुंबते. सूचक दिवा लागताच पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एकसारख्या वेगाने चालवावी.

महापुरातील गाडी

शिरोळ तालुक्याने २००५, २०१९ व २०२१ साली महापूर पाहिले आहेत. पाण्यात बुडालेली गाडी काढल्यावर प्रथम ती सुरू करून पाहण्याचा मोह होतो, तो टाळावा. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरविल्यास आतील दांडे वाकतात व दुरुस्ती होण्यासारखी गाडी निकामी होते. बॅटरीची तार काढावी, विमा कंपनीस कळवावे व गाडी ओढून कारागिराकडे न्यावी.

जुनी गाडी विकत घेताना आसनाखाली, दिव्यांच्या आत, तारांच्या जोडांत व चासीच्या पोकळीत गाळाचा थर आहे काय, हे पाहावे. धुऊन रंगविलेल्या गाडीतही या जागी गाळ राहतो. विम्याचा पूर्वीचा दावाही विचारावा.

कायद्याच्या बाजू

नोंदणी प्रमाणपत्रावर रिकामे वजन व भरल्या गाडीचे कमाल वजन दिलेले असते. त्यांतील फरक हीच मालाची मर्यादा होय. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये असा दंड सांगितला आहे. भरल्या गाडीचे वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नसल्यास मालवाहतुकीचे परमिट लागत नाही. ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

भांगलणीस वा तोडणीस जाणाऱ्या मजुरांना हौद्यात उभे करून नेण्याचा प्रघात सर्वथा सोडला पाहिजे. हौदा मालासाठी बांधलेला असतो. तेथे धरावयास आधार नसतो, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळणे दुर्घट होते. त्याची झळ मजुराच्या कुटुंबास लागते व मालकासही लागते.

मालकी की भाडे

समजा, हप्ते, विमा, कर व झीज मिळून वर्षाचा बांधील खर्च १,८०,००० रुपये येतो. वर्षात ९० खेपा झाल्या, तर डिझेल व चालक धरण्यापूर्वीच प्रत्येक खेपेवर २,००० रुपये बसतात. १८० खेपा झाल्यास तेच १,००० होतात. भाड्याची गाडी यापेक्षा स्वस्त पडत असेल, तर स्वतःची गाडी घेण्याची घाई करू नये. एकट्याचा माल पुरत नसल्यास चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून खेपा ठरवाव्यात. ज्याचे खेपांचे गणित बसत नाही, तो ते बसविण्यासाठी जादा माल भरू लागतो, आणि वर सांगितलेली सर्व हानी तेथूनच सुरू होते.

सारांश, गाडी घेण्यापूर्वी आपला माल काट्यावर मोजावा, नेहमीचा रस्ता ध्यानात घ्यावा, आणि त्या वजनाने त्या रस्त्यावर चाललेली, किमान तीन वर्षे जुनी झालेली गाडी पाहून तिच्या मालकास विचारावे. गाडी घेतल्यावर प्रत्येक खेपेचे वजन, किलोमीटर, डिझेल व दुरुस्ती यांची नोंद वहीत ठेवावी. कार्यकर्त्यांनी गावातील दोन-चार मालकांच्या अशा वह्या एकत्र वाचून दाखविल्या, तर नव्याने गाडी घेणाऱ्यास जाहिरातीहून अधिक भरवशाचे मार्गदर्शन गावातच मिळेल.