माळ विझते, घर विझत नाही

गणपतीपुढे आपण बारीक दिव्यांची माळ लावतो. तिच्यातला एक बल्ब काढला की सगळी माळ विझते. पण स्वयंपाकघरातला दिवा गेला तरी ओटीवरचा दिवा जळतच असतो. असे कां होते?

हा फरक जोडणीचा आहे. वीज वाहायची तर तारेचा फेरा पुरा असावा लागतो. माळेत वीज पहिल्या बल्बातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. सगळ्यांना मिळून एकच वाट. एक बल्ब गेला की वाट तुटली. हिला एकसर जोडणी म्हणतात.

आपल्या घरी वीज येते ती २३० व्होल्ट दाबाची. एकसर जोडणीत हा दाब वाटला जातो. सारखे ४६ बल्ब असले, तर एकेकाच्या वाट्याला ५ व्होल्ट येतात. म्हणून तर तो इवलासा बल्ब टिकतो. काही जण गेलेले बल्ब कापून तारेला तार जोडतात. निम्मे बल्ब काढले तर उरलेल्यांवर १० व्होल्ट पडतात. मग ते झगझगतात नि लवकर जातात.

पण खरा धोका वेगळाच आहे. माळ विझली म्हणजे वीज गेली असे समजू नका! वाट तुटली तिथपर्यंत तारेत पुरे २३० व्होल्ट असू शकतात. तिथे बोट लागले आणि पाय जमिनीवर असला, तर वीज आपल्या अंगातून वाट काढते. एवढ्याशा बल्बाने काय होणार, असे म्हणता म्हणता जीव जातो. नुसते बटण बंद करून भागत नाही. आधी प्लग उपसावा, मगच माळेला हात लावावा.

घरातली जोडणी समांतर असते. दर दिव्याला, पंख्याला आपापली वाट. दाब सर्वांना सारखा, २३० व्होल्ट. एकावाचून दुसऱ्याचे अडत नाही. मात्र वाटा वाढल्या की मुख्य तारेतली वीज वाढते. १००० वॅटची इस्त्री ४ अँपिअरहून थोडी जास्त वीज घेते, २००० वॅटची शेगडी जवळजवळ ९. दोन्ही एकाच बारीक वायरवर लावल्या, तर वायर तापून पेटायची भीती.

म्हणून मुख्य तारेत फ्यूज बसवतात, तो मुद्दाम एकसर. वीज फार झाली की तो वितळतो आणि वाट तोडतो. माळेत जी खोड, तीच इथे कामाला येते. आता पुष्कळ घरांत फ्यूजऐवजी आपोआप पडणारा खटका असतो. काम तेच.

फ्यूज सारखा जातो म्हणून त्यात जाड तार बांधणारे लोक आम्ही पाहतो. मग फ्यूज जात नाही खरा, पण भिंतीतली वायर जळते.