बीम हलला की मीटर?

सिंक्रोट्रॉन हा शब्द फिजिक्सच्या पुस्तकात एखाद्या ओळीत येतो आणि आपण तो सोडून पुढे जातो. परीक्षेला येत नाही ना! पण त्यातला एक प्रॉब्लेम मोजमापाशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे, मग ब्रँच कुठलीही असो.

आधी थोडी ओळख. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकाने वळवले की ते प्रकाश टाकतात, आणि त्यातून अतिशय तेजस्वी एक्स-रे मिळतात. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या 'डायमंड लाइट सोर्स'चं उदाहरण घेऊ. २००७ साली हे केंद्र संशोधकांसाठी सुरू झालं. रिंगचा घेर ५६१.६ मीटर आणि इलेक्ट्रॉनची ऊर्जा ३ जीईव्ही. ते सेकंदाला सुमारे ५ लाख ३४ हजार फेऱ्या मारतात! रिंगच्या भोवती प्रयोगांच्या खोल्या आहेत, त्यांना बीमलाइन म्हणतात. तिथे कुणी प्रोटीनचे बारीक स्फटिक तपासतं, तर कुणी बॅटरीतले पदार्थ.

आता गंमत बघा. डिझाइनच्या वेळी या बीमचा उभा आकार जेमतेम ६ मायक्रॉन धरला होता. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. आणि नियम असा की बीम स्वतःच्या आकाराच्या १० टक्क्यांहून जास्त हलता कामा नये. म्हणजे फक्त ०.६ मायक्रॉन, आणि तेही तासन् तास! नाहीतर स्फटिकावर पडणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि संशोधकाची रात्रभराची मेहनत वाया जाते.

बीम कुठे आहे हे कळतं कसं? बीम ज्या पाइपमधून जातो त्याला वर दोन आणि खाली दोन अशी धातूची चार बटणं बसवलेली असतात. बीम ज्या बटणाच्या जवळ, तिथला सिग्नल मोठा. वरच्या दोघांची बेरीज वजा खालच्या दोघांची बेरीज, भागिले चौघांची बेरीज, आणि त्याला एका स्थिरांकाने गुणायचं. झाली पोझिशन! डायमंडमध्ये सुरुवातीला अशी मोजणी रिंगभर १६८ ठिकाणी होत असे. ही रीडिंग बघून फीडबॅक यंत्रणा सेकंदाला १०,००० वेळा छोट्या चुंबकांना 'जरा इकडे, जरा तिकडे' असं सांगत असते.

इथेच खरी मेख आहे. चारही सिग्नल वेगवेगळ्या केबलने आणि वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरमधून येतात. समजा, एसीचं तापमान थोडं बदललं आणि एकाच ॲम्प्लिफायरचा गेन ०.१ टक्का वाढला. स्थिरांक १० मिलिमीटर धरला तर गणित सांगतं की बीम २.५ मायक्रॉन हलला. म्हणजे परवानगीच्या चौपट! प्रत्यक्षात बीम जागचा हललेलाही नाही. पण फीडबॅकला बिचाऱ्याला काय माहीत? तो मीटरवर विश्वास ठेवतो आणि जागेवर असलेल्या बीमला खरोखरच हलवतो. स्क्रीनवर मात्र सगळं झकास दिसतं. म्हणजे फीडबॅक जितका चांगला, तितकं मीटरचं खोटं जास्त इमानदारीने बीमवर उतरतं.

यावर उपाय काय? पहिला उपाय मला फार आवडला. समजा, चार परीक्षक आहेत, एक कडक, एक दयाळू आणि दोन मधले. प्रत्येकाकडे एकेका मुलाचा पेपर दिला तर अन्याय होणारच. पण प्रत्येक पेपर आळीपाळीने चौघांकडे फिरवला आणि सरासरी काढली, तर कडकपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखाच येतो. स्लोव्हेनियात बनलेल्या 'लिबेरा' या उपकरणात हेच केलं आहे. चार बटणांचे सिग्नल चार ॲम्प्लिफायरमधून सेकंदाला हजारो वेळा अदलाबदल करून फिरवतात. डायमंडने सुरुवातीपासून हेच उपकरण वापरलं.

पण या अदलाबदलीच्या आधी जी लांब केबल आहे, तिचं काय? त्यासाठी दुसरा उपाय, पायलट टोन. ज्याचे मार्क आधीच माहीत आहेत असा एक पेपर मुद्दाम सगळ्या परीक्षकांकडे पाठवायचा! बीमच्या फ्रीक्वेन्सीच्या अगदी जवळचा, ताकद माहीत असलेला सिग्नल केबलच्या सुरुवातीलाच चारही मार्गांत सोडतात. तो पलीकडे किती पोहोचला त्यावरून प्रत्येक मार्गाचा गेन कळतो आणि तेवढी दुरुस्ती करता येते. इटलीत त्रिएस्तेच्या 'एलेट्रा' केंद्राने यावर बरंच काम केलं आहे.

इलेक्ट्रॉनिक्स सुधारलं तरी मेकॅनिकलवाल्यांची सुटका नाही! बटणं ज्या स्टँडवर आहेत तो स्टीलचा असेल, तर एक मीटर उंचीला एका डिग्रीमागे साधारण १२ मायक्रॉन वाढतो. म्हणून बोगद्याचं तापमान काटेकोर सांभाळावं लागतं. बीमचा करंट उतरला की उष्णताही बदलते आणि मीटरचं रीडिंगही थोडं सरकतं. म्हणून डायमंडमध्ये २००८ पासून दर १० मिनिटांनी थोडे इलेक्ट्रॉन भरून करंट जवळपास स्थिर ठेवतात. याला टॉप-अप म्हणतात, आपल्या मोबाइलसारखंच!

शिवाय एक स्वतंत्र साक्षीदार लागतोच. बीमलाइनच्या तोंडाशी एक्स-रेची जागा मोजणारं वेगळं उपकरण असतं. प्रकाश १५ मीटर दूर गेल्यावर कोनातला एक मायक्रोरेडियनचा फरकसुद्धा १५ मायक्रॉन दिसतो. इलेक्ट्रॉनचं मीटर 'सगळं ठीक' म्हणत असेल आणि हा साक्षीदार 'नाही' म्हणत असेल, तर शोध सुरू करायचा.

हे सगळं परदेशातच आहे असं समजू नका. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात २.५ जीईव्हीची 'इंडस-२' रिंग आहे. तिचा घेर साधारण १७२ मीटर. तिथल्या इंजिनिअर मंडळींनाही बीमची जागा सांभाळावीच लागते.

आणि आपल्या प्रोजेक्टमध्येही हाच प्रश्न येतो. लाइन फॉलोअर असो की टेम्परेचर कंट्रोलर, रीडिंग सरकलं की आपण लगेच कंट्रोलरचा कोड बदलायला बसतो. त्याआधी सेन्सरला एखादा माहीत असलेला इनपुट देऊन बघा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कदाचित कोडला हातही लावावा लागणार नाही.