कोपऱ्यात उभा राहणारा दहावा माणूस

एनबीएच्या मैदानावर थ्री-पॉइंटची रेषा समोरून 23 फूट 9 इंचांवर असते, दोन्ही कोपऱ्यांत मात्र 22 फुटांवरच. अमेरिकी कॉलेजांची रेषा 22 फुटांपेक्षा जेमतेम दोन इंच लांब. विजेतेपदाच्या शर्यतीतला संघ ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, दुसऱ्या फेरीत कुणाला घेईल, असा विचार करताना मला आधी हा कोपरा आठवतो. नवा पोरगा, म्हणजे संघातला दहावा माणूस, तिथेच उभा राहणार आहे. चेंडू मोठ्या खेळाडूंच्या हातात असेल, याच्याकडे तो क्वचित येईल, आणि आला की बास्केट व्हायलाच हवी. कॉलेजातला त्याचा नेम इथे जवळजवळ तसाच कामी येतो.

2015 साली डॅलसने पंजाबच्या सतनामसिंगला 52 व्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. उंची 7 फूट 2 इंच, तरी एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तेव्हापासून मी ही फेरी मन लावून बघतो.

या फेरीतली, म्हणजे 31 ते 60 क्रमांकांतली, बरीच मुलं आपापल्या कॉलेजची नायक असतात. त्यामुळे त्यांचे सामने बघताना मी चेंडूवरची नजर काढून घेतो. चेंडू पलीकडच्या बाजूला असताना हा काय करतो? मदतीला आत धावून पुन्हा आपल्या माणसाकडे परतताना पाय आवरतो, की उडी मारून फसतो? पास हातात येताच शॉट, पास की ड्रिबल हे ठरलेलं असतं, की चेंडू धरून उभा राहतो? कॉलेजच्या एका हंगामातले थ्री-पॉइंटर इतके थोडे असतात की त्यांची टक्केवारी फसवते. फ्री थ्रोच्या टक्केवारीवर माझा जास्त भरवसा आहे. सगळ्यात कठीण प्रश्न प्लेऑफचा. तिथे समोरचा संघ डिफेन्समधला कच्चा माणूस हेरतो आणि पुन्हा पुन्हा त्याच्याच अंगावर चाल करतो. या प्रश्नापाशी माझ्या यादीतली बहुतेक नावं गळतात.

जी उरतात ती किती मोलाची असतात, हे 2025 च्या प्लेऑफमध्ये दिसलं. ईस्टच्या अंतिम मालिकेत न्यूयॉर्कच्या जेलन ब्रन्सनला (2018, क्रमांक 33) अडवण्याचं काम बरंचसं इंडियानाच्या अँड्र्यू नेमहार्डकडे (2022, क्रमांक 31) होतं. नेमहार्ड कॉलेजात चार वर्षं पॉइंट गार्ड होता. इंडियानात मात्र पॉइंट गार्ड हॅलिबर्टनच्या शेजारी चेंडूविना खेळायला शिकला. पुढे विजेत्या ओक्लाहोमा सिटीकडून एरन विगिन्सने एनबीएच्या अंतिम मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात बेंचवरून येऊन 18 गुण केले. तो 2021 च्या ड्राफ्टमधला 55 वा. त्यांचा लू डॉर्ट तर ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता.

पैशाची बाजू आता अधिक कडक झाली आहे. गोल्डन स्टेटने 2016 मध्ये मिलवॉकीकडून आणि 2017 मध्ये शिकागोकडून 38 वा क्रमांक चक्क रोख पैसे देऊन घेतला होता. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2023 च्या करारानंतर पगाराची सर्वांत वरची मर्यादा ओलांडलेल्या संघाला अशा व्यवहारात रोख रक्कम देता येत नाही. महागड्या संघाला स्वस्त खेळाडूची गरज सगळ्यात जास्त, आणि त्याच्याच हाताशी साधनं कमी.

म्हणून असे संघ ‘तयार’ मुलाच्या मागे लागतात. डेन्व्हरने 2023 मध्ये विजेतेपदानंतर पिकेट (32) आणि टायसन (37) असे वयाने मोठे, कॉलेजात मुरलेले खेळाडू घेतले. पहिल्या हंगामात दोघांनाही फारसं खेळायला मिळालं नाही. वय वाढलं म्हणजे खेळाडू तयार झाला, हे गृहीतकच मला पटत नाही. तिशीतला क्रमांक असेल तर कोपऱ्यात उभा राहू शकेल असा मुलगा घ्यावा, मग तो एकवीसचा असो वा तेवीसचा. पन्नाशीपुढे मात्र मी परदेशात करार असलेला खेळाडू घेईन, कारण तो संघातली जागा अडवत नाही आणि पगारही मागत नाही. सॅन अँटोनिओने 25 जून 1999 ला पहिलं विजेतेपद जिंकलं आणि पाचच दिवसांनी 57 व्या क्रमांकावर अर्जेंटिनाच्या मनू जिनोबिलीला निवडलं. तो इटलीतच खेळत राहिला, 2001 मध्ये बोलोन्याकडून युरोलीग जिंकला, 2002 मध्ये सॅन अँटोनिओत आला आणि त्यांच्या पुढच्या चारही विजेतेपदांत खेळला.